धर्मस्वातंत्र्याचा निकाल कसा वाचावा : मथळ्यापासून निकालपत्रापर्यंत

‘युरोपीय न्यायालयाची हिजाबबंदीला मान्यता’ अशा अर्थाचे मथळे मार्च २०१७ मध्ये जगभर झळकले. त्यात तीन गफलती होत्या. खटला सरकारी बंदीचा नव्हता. बेल्जियममधल्या एका खासगी कंपनीने ‘कामावर राजकीय, तात्त्विक किंवा धार्मिक अशी कोणतीही दृश्य चिन्हं नकोत’ असा अंतर्गत नियम केला होता आणि वाद त्या नियमावर होता. न्यायालयाने वादाचा निवाडाही केलेला नव्हता. बेल्जियमच्या न्यायालयाने विचारलेल्या कायद्याच्या प्रश्नाचं उत्तर तेवढं दिलं होतं. आणि त्याच दिवशी, १४ मार्चला, त्याच न्यायालयाने फ्रान्समधल्या दुसऱ्या प्रकरणात सांगितलं, की ग्राहकाला डोक्यावरचा रुमाल नको आहे एवढ्यावरून कर्मचारी स्त्रीला तो काढायला लावता येत नाही. ही दुसरी गोष्ट बऱ्याच मथळ्यांतून गळाली.

अशा बातम्यांमागचं निकालपत्र बहुतेक वेळा इंटरनेटवर फुकट मिळतं. ते पूर्ण वाचायचं तर दिवस जाईल, पण नेमक्या जागी पाहिलं तर अर्ध्या तासात मुद्दा हाती येतो. त्या जागा कोणत्या आणि तिथे काय शोधायचं, ते पुढे सांगितलं आहे. शोधायची गोष्ट मात्र एकच : न्यायालयासमोर नेमका प्रश्न काय होता? धर्माविषयीचा निकाल संपूर्ण धर्माविषयी जवळपास कधीच नसतो.

आधी बघा, बोललं कोण

मराठी बातम्यांत ‘युरोपीय न्यायालय’ हा शब्द दोन वेगळ्या संस्थांसाठी वापरला जातो. बातमीत शहराचं नाव शोधलं की हा गोंधळ मिटतो. स्ट्रासबर्ग असेल तर ते युरोपीय मानवी हक्क न्यायालय. १९५०च्या करारावर उभं राहिलेलं हे न्यायालय युरोप परिषदेच्या ४६ देशांसाठी आहे. तिथे व्यक्ती किंवा संस्था सरकारविरुद्ध दाद मागते आणि धर्मस्वातंत्र्याचं कलम ९ आहे. लक्झेंबर्ग असेल तर ते युरोपीय संघाचं न्यायालय. त्याचे सदस्य देश २७. तिथे धर्माचा विषय बहुतेक वेळा नोकरीतल्या भेदभावाच्या नियमांतून येतो, आणि न्यायालय राष्ट्रीय न्यायालयांनी पाठवलेल्या प्रश्नांची उत्तरं देतं. वर सांगितलेली दोन्ही प्रकरणं लक्झेंबर्गची.

जिनिव्हातल्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचंही तसंच. मानवी हक्क समिती ही १८ तज्ज्ञांची समिती आहे, तर मानवी हक्क परिषद ही ४७ देशांच्या प्रतिनिधींची राजकीय सभा. समितीकडे वैयक्तिक तक्रार जाते आणि ती आपलं ‘मत’ नोंदवते. हे मत न्यायालयाच्या हुकुमासारखं अंमलात आणता येत नाही. संबंधित देशाने साधारण १८० दिवसांत काय केलं ते कळवावं, असं समिती सांगते. परिषद करते ते ठराव. तेव्हा ‘संयुक्त राष्ट्रांनी अमुक देशाला दोषी ठरवलं’ असं वाचलं, तर समिती की परिषद, की एखादा विशेष दूत, हे आधी बघावं. धर्म व श्रद्धास्वातंत्र्याचा विशेष दूत हे पद १९८६ पासून आहे. त्याचा अहवाल वजनदार असतो, पण तो निकाल नव्हे.

तक्रार जिनिव्हात पोचण्यासाठी त्या देशाने नागरी व राजकीय हक्कांचा १९६६चा करार आणि त्याचा पहिला ऐच्छिक जोडकरार, असं दोन्ही स्वीकारलेलं असावं लागतं. चीनने मूळ करारावर १९९८ मध्ये सही केली, पण अनुमोदन दिलेलं नाही. मलेशिया करारातच नाही. भारत १९७९ पासून करारात आहे, जोडकरारात नाही, म्हणून भारतातली वैयक्तिक तक्रार त्या समितीपुढे जाऊ शकत नाही. ‘आता आंतरराष्ट्रीय पातळीवर दाद मागू’ अशी घोषणा कुणी केली, तर एवढी माहिती हाताशी असावी.

निकाल कोणत्या टप्प्यावरचा

इटलीतल्या शाळांच्या वर्गांत क्रूस टांगलेला असतो. त्यावरच्या लाउत्सी खटल्यात स्ट्रासबर्गच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने नोव्हेंबर २००९ मध्ये एकमताने इटलीविरुद्ध निकाल दिला. मार्च २०११ मध्ये १७ जणांच्या महापीठाने तो १५ विरुद्ध २ मतांनी फिरवला. पहिल्या निकालावर लिहिलेले लेख आजही शोधात सापडतात आणि लोक ते बिनधास्त उद्धृत करतात. म्हणून एक सवय लावून घ्या. स्ट्रासबर्गच्या पीठाचा निकाल आला की पुढचे तीन महिने तो कच्चा धरायचा, कारण त्या मुदतीत महापीठाकडे जाण्याची विनंती करता येते.

अमेरिकेत वेगळे सापळे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला, याचा अर्थ खालचा निकाल त्याला पटला असा होत नाही. मतं समसमान पडली तर खालचा निकाल टिकतो, पण देशभरासाठी पायंडा पडत नाही. ओक्लाहोमातल्या सरकारी पैशावरच्या धार्मिक चार्टर शाळेच्या प्रकरणात मे २०२५ मध्ये ४ विरुद्ध ४ अशी मतं पडली. शाळेला तिथे मनाई राहिली, पण मूळ प्रश्न तसाच उरला. निकालाच्या सुरुवातीला जो सारांश छापलेला असतो तो न्यायाधीशांनी लिहिलेला नसतो. तशी टीप त्यावरच छापलेली असते, तरी उद्धृत नेमका तोच होतो.

भारतीय उदाहरणं तर ओळखीची आहेत. कर्नाटकातल्या हिजाब प्रकरणात ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांची मतं एकास एक अशी फुटली. म्हणजे त्या दिवशी त्या न्यायालयाचा निकाल असा लागलाच नाही. शबरीमलाचा सप्टेंबर २०१८चा निकाल ४ विरुद्ध १ असा होता. नोव्हेंबर २०१९ मध्ये पुनर्विलोकनाच्या अर्जांवर ३ विरुद्ध २ मतांनी काही मूलभूत प्रश्न मोठ्या पीठाकडे गेले. अंतरिम आदेश, स्थगिती, अंतिम निकाल, पुनर्विलोकन : बातमीत यातलं काय आहे ते एका शब्दात लिहून ठेवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

कलमाची बांधणी

मानवी हक्कांच्या १९४८च्या जागतिक जाहीरनाम्यातलं आणि १९६६च्या करारातलं धर्मस्वातंत्र्याचं कलम, दोन्हींचा क्रमांक १८, त्यामुळे लक्षात राहायला सोपं. करारातल्या कलमाचे दोन भाग मनात वेगळे ठेवा. श्रद्धा बाळगणं, न बाळगणं, बदलणं हा आतला भाग. त्यावर कुठलंही बंधन घालता येत नाही. ती श्रद्धा पूजेतून, आचरणातून, शिकवणीतून बाहेर येते, तो दुसरा भाग. त्यावर बंधन येऊ शकतं, पण ते कायद्याने घातलेलं आणि आवश्यक असलं पाहिजे, आणि कारण ठरावीक यादीतलं हवं : सार्वजनिक सुरक्षितता, सुव्यवस्था, आरोग्य, नीतिमत्ता किंवा इतरांचे मूलभूत हक्क.

यादीत ‘राष्ट्रीय सुरक्षा’ नाही. ते सुटून गेलेलं नाही. त्याच करारात अभिव्यक्तीच्या कलम १९ मध्ये ते कारण आहे, १८ मध्ये मुद्दाम नाही, आणि मानवी हक्क समितीने १९९३च्या आपल्या सामान्य टिप्पणीत तसं स्पष्ट केलं आहे. युरोपीय करारातल्या कलम ९ मध्येही ते नाही. युक्रेनने ऑगस्ट २०२४ मध्ये मॉस्कोशी संलग्न धार्मिक संघटनांवर बंदी आणू शकणारा कायदा केला आणि त्याचं समर्थन राष्ट्रीय सुरक्षेच्या भाषेत झालं. वाद कुठे अडतो ते इथे दिसतं. युद्धात सापडलेल्या देशाची भीती खरी असेल, तरी या कलमाच्या चौकटीत त्याला ‘सार्वजनिक सुरक्षितता’ किंवा ‘सुव्यवस्था’ यांपैकी काहीतरी सिद्ध करावं लागतं, आणि तेही त्या विशिष्ट संघटनेच्या वागण्यावरून. शिवाय आणीबाणीतसुद्धा कलम १८ तात्पुरतं बाजूला ठेवता येत नाही. करारानेच तशी मनाई केली आहे.

श्रद्धा खरी की आवश्यक?

मराठी वाचकाची फसगत सगळ्यात जास्त इथे होते, कारण आपल्याला भारतीय पद्धतीची सवय असते. १९५४च्या शिरूर मठ खटल्यापासून भारतीय न्यायालयं विचारत आली आहेत, की ही प्रथा त्या धर्माचा आवश्यक भाग आहे का? त्यामुळे न्यायाधीशांना धर्मग्रंथ उघडावे लागतात. अमेरिकेत हा प्रश्न विचारायचाच नाही, असा दंडक आहे. तिथे फक्त माणसाची श्रद्धा प्रामाणिक आहे का ते बघतात, मग त्याच धर्मातल्या इतरांना ती पटो न पटो. स्ट्रासबर्गची रीत मधली. कृतीचा श्रद्धेशी जवळचा संबंध हवा, पण धर्माने ती सक्तीची केलेली आहे हे दाखवण्याची गरज नाही.

म्हणून परदेशी निकालावर ‘पण कुराणात तर हे लिहिलेलंच नाही’ किंवा ‘बायबलमध्ये कुठे आहे?’ अशी प्रतिक्रिया द्यायची घाई करू नका. त्या न्यायालयाने तो प्रश्न विचारलेलाच नसतो.

जिना कोणत्या पायरीवर मोडला

युरोपात आणि जिनिव्हात निकाल एका जिन्यासारखा चढत जातो. स्वातंत्र्यात हस्तक्षेप झाला का? तो कायद्यानुसार होता का? हेतू यादीतला होता का? आणि त्या हेतूसाठी एवढं करणं आवश्यक होतं का? निकालपत्रात या प्रश्नांची उपशीर्षकं असतात. सरकार कोणत्या पायरीवर घसरलं ते शोधायचं, कारण निकालाची व्याप्ती तिथे ठरते.

कोक्किनाकिस विरुद्ध ग्रीस, मे १९९३. कलम ९चा भंग झाल्याचं स्ट्रासबर्गने पहिल्यांदा म्हटलं ते याच खटल्यात. ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाच्या एका वृद्ध माणसाला, ऑर्थोडॉक्स चर्चमधल्या गायकाच्या बायकोशी तिच्या घरी धर्मचर्चा केली म्हणून, धर्मप्रसाराच्या गुन्ह्यात शिक्षा झाली होती. ‘ग्रीसचा धर्मप्रसारविरोधी कायदा रद्द’ असा सारांश अनेकांच्या डोक्यात पक्का बसला आहे. तो चुकीचा. हस्तक्षेप कायद्यानुसार होता आणि हेतूही यादीत बसणारा होता, असं न्यायालयाने मान्य केलं. सरकार घसरलं ते शेवटच्या पायरीवर : या माणसाने फसवणूक, दबाव असं गैर काय केलं ते ग्रीक न्यायालयांनी दाखवलंच नव्हतं. शिक्षा चुकली, कायदा पुस्तकात राहिला.

आता एकच कायदा आणि दोन उत्तरं. फ्रान्सने ऑक्टोबर २०१० मध्ये सार्वजनिक जागी चेहरा झाकण्यावर बंदी घातली. दंड जास्तीत जास्त १५० युरो. स्ट्रासबर्गच्या महापीठाने १ जुलै २०१४ला एस.ए.एस. विरुद्ध फ्रान्स या खटल्यात बंदी टिकवली, १५ विरुद्ध २ मतांनी. ‘बुरखा सुरक्षेला धोका म्हणून बंदी योग्य’ असं यावर सर्रास लिहिलं जातं. निकालपत्र उघडा. सुरक्षिततेसाठी सरसकट बंदी गरजेची आहे हे न्यायालयाने मान्य केलं नाही. स्त्री-पुरुष समानतेचं कारण नाकारलं, मानवी प्रतिष्ठेचंही नाकारलं. टिकलं ते एकच कारण, ‘एकत्र नांदणं’, आणि तेही ‘इतरांचे हक्क’ या सदरात घालून. दोन असहमत न्यायाधीशांचा आक्षेप याच मुद्द्यावर होता.

ऑक्टोबर २०१८ मध्ये जिनिव्हाच्या समितीने याच कायद्याखाली दंड झालेल्या दोन स्त्रियांच्या तक्रारींवर मत जाहीर केलं : भंग झाला. ‘एकत्र नांदणं’ हे कारण समितीला फार धूसर वाटलं. कायदा मात्र तसाच आहे. ‘मग बरोबर कोण?’ असं विचारलं जातं. आमच्या मते समितीची मांडणी कलमाच्या शब्दांना जास्त धरून आहे. पण फ्रान्समध्ये रस्त्यावर काय लागू होतं हे सांगायचं असेल, तर उत्तर स्ट्रासबर्गच्या बाजूने द्यावं लागेल. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात सांगण्याचा मोह टाळा.

हीच रीत एकाच निकालाच्या आतही वापरून बघण्यासारखी आहे. एवीडा आणि इतर विरुद्ध युनायटेड किंगडम, १५ जानेवारी २०१३. चार अर्जदार, सगळे ख्रिस्ती, सगळे कामावरच्या वादातून आलेले. विमान कंपनीतल्या कर्मचारी स्त्रीला गळ्यातला छोटा क्रूस दिसेल असा घालायचा होता. ती जिंकली. रुग्णालयातल्या परिचारिकेलाही तेच हवं होतं. ती हरली, तेही एकमताने. फरक श्रद्धेत नाही, दागिन्यातही नाही. विमान कंपनीचं कारण होतं तिची प्रतिमा, आणि कंपनीने पुढे स्वतःच नियम बदलला होता. रुग्णालयाचं कारण होतं रुग्णांची सुरक्षितता : साखळी ओढली जाणं, उघड्या जखमेला लागणं. उरलेले दोघेही हरले : समलिंगी जोडप्यांच्या नागरी भागीदारीची नोंदणी करायला नकार देणारी निबंधक आणि अशा जोडप्यांना समुपदेशन करण्याबाबत कचरणारा समुपदेशक. तिथे इतरांचे हक्क आडवे आले. या एका निकालाला ‘ख्रिस्त्यांचा विजय’ आणि ‘ख्रिस्त्यांचा पराभव’ असे दोन्ही मथळे शोभतात, म्हणजेच दोन्ही निरुपयोगी आहेत.

अमेरिकेचा जिना निराळा आहे

तिथे पहिला प्रश्न : दावा राज्यघटनेखाली की कायद्याखाली? १९९०च्या एम्प्लॉयमेंट डिव्हिजन विरुद्ध स्मिथ खटल्यात धार्मिक विधीत पेयोटी हे नशा आणणारं निवडुंग सेवन केल्याने नोकरी गेलेल्यांना बेकारभत्ता नाकारला गेला होता. कायदा तटस्थ आणि सर्वांना सारखा लागू असेल, तर धर्माच्या नावाखाली घटनात्मक सूट मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं. संसदेने १९९३ मध्ये कायदा करून कडक कसोटी परत आणली, म्हणजे धर्माचरणावर बंधन घालायला सरकारने अत्यंत महत्त्वाचं कारण दाखवावं आणि बंधन कमीत कमी ठेवावं. १९९७ मध्ये न्यायालयाने तो कायदा राज्यांना लावता येणार नाही असं ठरवलं, संघराज्य सरकारपुरता तो उरला. २०००च्या आणखी एका कायद्याने कैदी आणि धार्मिक जागांचा भूवापर यांना पुन्हा संरक्षण दिलं. तेव्हा केंद्र की राज्य, आणि तुरुंग आहे का, हे कळल्याशिवाय निकाल समजत नाही.

होल्ट विरुद्ध हॉब्ज, जानेवारी २०१५, या बाबतीत वाचायला सगळ्यात बरं. आर्कान्सातल्या मुस्लिम कैद्याला अर्धा इंच दाढी ठेवायची होती. तुरुंग म्हणे, दाढीत वस्तू लपवतील. न्यायालयाने तुलना केली : त्वचेच्या आजारासाठी पाव इंच दाढी चालते, डोक्यावर त्याहून लांब केस चालतात, इतर बहुतेक राज्यांचे तुरुंग अर्धा इंच चालवून घेतात. मग इथेच अडचण काय? कैदी एकमताने जिंकला. असल्या निकालांत ‘तुलना कशाशी केली’ हे वाक्य शोधून अधोरेखित करा. एप्रिल २०२१च्या टँडन निकालानंतर तर तुलनाच केंद्रस्थानी आली आहे : एखाद्या तुलनीय ऐहिक कामाला सवलत दिली आणि धार्मिक कामाला नाही, तर सरकारला कडक कसोटी लागते.

प्रश्न धर्माचा नव्हताच, असंही निघतं

मलेशियाच्या संघीय न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये केलांतान राज्याच्या शरिया फौजदारी कायद्यातली १६ कलमं ८ विरुद्ध १ मतांनी रद्द केली. बातम्यांचा सूर ‘शरियाला धक्का’ असा होता. न्यायालयासमोरचा प्रश्न मात्र राज्य विधिमंडळाला त्या विषयांवर कायदा करण्याचा अधिकार होता का, एवढाच होता. ते विषय संघाच्या यादीत पडतात, असं ठरलं.

पाकिस्तानात आसिया बीबी यांची ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी फाशीच्या शिक्षेतून मुक्तता झाली ती साक्षीपुराव्यातल्या विसंगतींमुळे. ईशनिंदेचं कलम २९५-क जागच्या जागी राहिलं. अमेरिकेत ३०३ क्रिएटिव्ह हे, समलिंगी जोडप्यांसाठी लग्नाची संकेतस्थळं बनवायला नकार देण्याविषयीचं २०२३चं प्रकरण धर्मस्वातंत्र्याचं म्हणून सांगितलं जातं, पण निर्णय अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर झाला.

दक्षिण आफ्रिकेतलं प्रिन्स प्रकरण या यादीत आमचं आवडतं. रास्ताफारी पंथाच्या, वकील होऊ पाहणाऱ्या एका माणसाने गांजाच्या धार्मिक सेवनासाठी सूट मागितली. २००२ मध्ये घटनात्मक न्यायालयात ५ विरुद्ध ४ असा हरला. जिनिव्हाच्या समितीकडे गेला, २००७ मध्ये तिथेही हरला. सप्टेंबर २०१८ मध्ये त्याच न्यायालयाने त्याच अर्जदाराच्या दुसऱ्या खटल्यात प्रौढांना खासगीत गांजा बाळगायला आणि लावायला मोकळीक दिली. कारण धर्म नव्हे, खासगीपणाचा हक्क.

कॅनडातल्या क्विबेक प्रांताच्या बाबतीत तर प्रश्नाला दारच बंद आहे. तिथल्या जून २०१९च्या विधेयक २१ने शिक्षक, पोलीस, सरकारी वकील अशा काही पदांवरच्या लोकांना कामावर धार्मिक चिन्हं वापरायला मनाई केली, आणि कायद्यातच कॅनडाच्या हक्कसनदेचं कलम ३३ वापरलं. या कलमाने काही हक्कांचा भंग झाला तरी कायदा पाच वर्षं टिकतो, पुढे नूतनीकरण करता येतं. क्विबेकच्या अपील न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये कायदा उचलून धरला. याचा अर्थ ‘तो धर्मस्वातंत्र्याशी सुसंगत आहे’ असा काढू नये, कलम ३३ मुळे कायदा त्या कारणाने पाडताच येत नव्हता. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये अपील ऐकायचं ठरवलं, तेव्हा खरा रोख कलम ३३च्या मर्यादांवर गेला.

ईशनिंदेच्या बातम्यांत कलमाचा क्रमांक हमखास तपासावा. २५ ऑक्टोबर २०१८ रोजी स्ट्रासबर्गच्या पीठाने ऑस्ट्रियात एका स्त्रीला प्रेषित मुहंमदांविषयीच्या विधानांबद्दल झालेला ४८० युरोंचा दंड कायम ठेवला. निर्णय कलम १०चा, म्हणजे अभिव्यक्तीचा. दुसऱ्याच दिवशी आयर्लंडने सार्वमताने ईशनिंदेचा गुन्हा राज्यघटनेतून काढला. दोन बातम्या शेजारी ठेवून ‘युरोप कुठे चालला आहे’ असा निष्कर्ष काढणारे खूप निघाले. एकीत न्यायालय म्हणत होतं, की राष्ट्रीय न्यायालयाला एवढी मोकळीक आहे. दुसरीत मतदार म्हणत होते, की आम्हाला ती मोकळीक नको.

निकालाने केलं काय

निकालपत्राचं शेवटचं पान आधी वाचा. तिथे आदेश असतो : भंग झाला की नाही, भरपाई किती, कायदा रद्द की फक्त हा निर्णय रद्द. मग वस्तुस्थितीचा भाग, मग ‘न्यायालयाचे मूल्यमापन’ या शीर्षकाखालचा मजकूर, आणि वेळ उरला तर असहमतीची मतं. बहुमताने कुठे हात आखडता घेतला हे असहमत न्यायाधीश बरोबर दाखवतात. अर्थात कधीकधी ते निकाल आहे त्याहून भयंकर करून मांडतात, तेवढी सूट धरावी.

आदेशातला एक शब्द किती फरक करतो ते जपान आणि रशियावरून कळेल. टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने २५ मार्च २०२५ रोजी युनिफिकेशन चर्चच्या विसर्जनाचा आदेश दिला. जपानच्या १९५१च्या धार्मिक संस्था कायद्यात विसर्जन म्हणजे संस्थेची कायदेशीर व्यक्ती म्हणून नोंद आणि करसवलत जाणं. अनुयायांना एकत्र येऊन प्रार्थना करायला त्याने मनाई होत नाही. रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये यहोवाच्या साक्षीदारांच्या संघटनेला ‘अतिरेकी’ ठरवलं. तिथे मालमत्ता जप्त झाली आणि काम चालू ठेवणाऱ्यांवर फौजदारी खटले सुरू झाले. दोन्हींना मराठीत ‘बंदी’ म्हटलं तर वाचकाला काहीच कळत नाही. रशियाच्या कारवाईविरुद्ध स्ट्रासबर्गचा निकाल जून २०२२ मध्ये आला, पण १५ मार्च २०२२ नंतर अंतिम होणारे निकाल पाळणार नाही असा कायदा रशियाने त्याच महिन्यात करून टाकला.

शब्द मराठीत आणताना

इंग्रजीतला ‘मॅनिफेस्ट’ म्हणजे श्रद्धा कृतीतून प्रकट करणं. त्याचं ‘प्रदर्शन’ केलं की सूर आरोपाचा होतो. ‘रिलिजन ऑर बिलीफ’ यात नास्तिक आणि निधर्मीही येतात, म्हणून नुसतं ‘धर्म’ पुरत नाही, ‘धर्म वा श्रद्धा’ लिहूनही पुरत नसेल तर ‘धारणा’ हा शब्द घ्यावा. ‘प्रॉसेलिटिझम’ला ‘धर्मांतर’ म्हणू नये : एक प्रयत्न आहे, दुसरा परिणाम. भारतात या दोहोंमधली रेघ १९७७च्या स्टॅनिस्लॉस निकालाने ओढली. धर्माचा प्रचार करण्याच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही, असं सर्वोच्च न्यायालय तेव्हा म्हणालं. फ्रेंच ‘लाइसिते’ला सरळ ‘धर्मनिरपेक्षता’ म्हटलं तर आपला वाचक ‘सर्व धर्मांना समान आदर’ असा अर्थ लावतो. तिथे रोख शासनाच्या तटस्थतेवर आणि सरकारी जागेत धर्म दूर ठेवण्यावर आहे. हा शब्द तसाच ठेवून एकदा समजावून सांगणं बरं.

याद्या आणि निर्देशांक

दर वर्षी ‘अमेरिकेने भारताला काळ्या यादीत टाकलं’ अशी बातमी फिरते. अमेरिकेचा १९९८चा कायदा दोन संस्था वेगळ्या ठेवतो. आंतरराष्ट्रीय धर्मस्वातंत्र्य आयोग फक्त शिफारस करतो. ‘विशेष चिंतेचा देश’ ठरवण्याचा अधिकार परराष्ट्र खात्याकडे आहे. आयोगाने २०२० पासून भारताला तसं ठरवण्याची शिफारस केली, पण खात्याने ती उचलली नाही. शिफारस आणि निर्णय यांतला फरक बातमीच्या पहिल्या ओळीत आला पाहिजे.

प्यू संशोधन केंद्र १९८ देश आणि प्रदेशांसाठी दोन वेगळे निर्देशांक काढतं, दोन्ही ० ते १० अंकांचे. एक सरकारी निर्बंधांचा, दुसरा समाजातल्या वैराचा. हे दोन्ही मिळवून कुणी एकच क्रमांक लावला असेल तर तो आकडा टाकून द्या. सरकार कडक आणि समाज शांत असा देश असतो, त्याच्या उलटही असतो, आणि ते दिसावं म्हणूनच निर्देशांक दोन ठेवले आहेत.

टिपणवही

प्रत्येक निकालासाठी पाच-सहा ओळी पुरतात : न्यायालय व पीठ, तारीख व टप्पा, नेमका प्रश्न, कोणत्या पायरीवर ठरलं, तुलना कशाशी, आदेश काय. शेवटी एक रिकामी ओळ सोडा, ‘पुढे काय झालं’ यासाठी. ती भरायला कधीकधी दोन वर्षं लागतात. दक्षिण कोरियाच्या घटनात्मक न्यायालयाने जून २०१८ मध्ये सांगितलं, की सद्सद्विवेकापोटी लष्करी सेवा नाकारणाऱ्यांसाठी पर्यायी सेवा हवी, आणि कायदा करायला २०१९च्या अखेरपर्यंत मुदत दिली. त्या दिवशीचे मथळे विजयाचे होते. ऑक्टोबर २०२० मध्ये पर्यायी सेवा सुरू झाली तेव्हा ती होती ३६ महिन्यांची, तुरुंगात राहून करायची. भूदलातली सक्तीची सेवा त्याच्या निम्मी, १८ महिन्यांची.